तीन गोळ्यांचा पुरावा

एफ-क्लास नावाच्या नेमबाजीत १,००० यार्डांवरच्या निशाण्याचं सर्वांत आतलं वर्तुळ ५ इंच व्यासाचं असतं आणि त्याबाहेरचं दहा गुणांचं वर्तुळ १० इंचांचं. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. नेमबाज जमिनीवर पालथा, रायफल पुढे टेकणीवर, मागे वाळूच्या पिशवीवर. शरीराचा कंप जवळजवळ हिशेबातून गेलेला. उरतात चार गोष्टी : नळी, गोळी, काडतुसाची भरणी आणि वारा. नळी आणि गोळी विकत मिळते. वारा कुणाच्या हातात नसतो. भरणी मात्र रात्री जागून स्वतः करता येते, आणि म्हणूनच या खेळातली माणसं तिच्यामागे वेडी होतात.

माझी धाकटी बहीण मुक्ता त्यांतलीच. कोलोरॅडो स्प्रिंग्जला मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि न्यू मेक्सिकोतल्या रॅटनजवळच्या व्हिटिंग्टन सेंटरच्या लांब पल्ल्याच्या मैदानावर सुट्टीचे दिवस घालवते. तिची रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नमची. हे काडतूस १९६३ सालचं. आज एफ-क्लासच्या खुल्या गटात ते फॅशनमध्ये नाही, बहुतेक जण ७ मिलिमीटरच्या गोळ्यांकडे वळलेत. पण मुक्ताला फॅशनचं कधीच कौतुक नव्हतं. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं काडतूस भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. हा लेख वाचून कुणी घरी प्रयोग करू नयेत.)

आमचा मामा खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत गुणवत्ता नियंत्रणात होता. कारखाना १८६९ चा. मामा इतका जुना नाही, पण त्याचे आग्रह त्याच काळातले वाटतात. सहा महिन्यांच्या व्हिसावर तो मुक्ताकडे आला होता. पर्यटक व्हिसावरच्या माणसाला तिथे बंदूक किंवा काडतूस हाताळण्यावर कायद्याची बंधनं आहेत, म्हणून भरणीच्या टेबलापासून त्याची खुर्ची दोन हात लांब होती. त्याच्या हाताशी फक्त मुक्ताची वही आणि वापरलेली टार्गेट्स. वादाला तेवढं पुरलं. मीही तिथेच होतो. दोघांचं बोलणं बऱ्याच संध्याकाळी चाललं. इथे ते एकत्र आणलं आहे.

मामा : ह्या कागदावर तू हिरव्या पेनानं "हाच" असं लिहिलंयस. कशाला "हाच"?

मुक्ता : पावडरच्या भाराला. हे बघ, याला शिडी म्हणतात. क्रेटन ऑडेट नावाच्या नेमबाजानं ही पद्धत रूढ केली. पावडर थोडी थोडी वाढवत न्यायची आणि कागदावर गोळ्या कुठे पडतात ते बघायचं. त्याची मूळ पद्धत प्रत्येक भाराची एकेक गोळी मारायची होती, मी तीन-तीन मारते. आठ पायऱ्या केल्या. सातव्या पायरीवर तिन्ही गोळ्या एका भोकात गेल्यासारख्या आहेत. आजूबाजूचे गट दुप्पट-तिप्पट पसरलेत. शिवाय वेग बघ : सहाव्यापासून सातव्यापर्यंत जवळजवळ वाढलेलाच नाही. म्हणजे इथे नळीचा ताल जमलाय. पावडर एखाद्या दशांश ग्रेननं इकडेतिकडे झाली तरी फरक पडणार नाही. ह्याला नोड म्हणतात.

मामा : किती गोळ्यांवरून म्हणालीस?

मुक्ता : तीन.

मामा : एका लॉटचा निकाल मी तीन काडतुसांवरून दिला असता तर साहेबानं मला दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये बसवलं असतं.

मुक्ता : तुझा लॉट लाखांचा असायचा, मामा. माझा पन्नासचा.

मामा : लॉट केवढा याच्याशी फार संबंध नसतो. नमुना केवढा याच्याशी असतो. लिही. रायफल तीच, भार तोच, हात तोच. तीन-तीन गोळ्यांचे गट मारत राहिलीस आणि सरासरी गट ०.८ इंचाचा आला, तर एखादा ०.४ चा येईल, एखादा १.३ चा. काहीही न बदलता. तीन गोळ्यांच्या गटाचा स्वतःचा चढउतारच सरासरीच्या पस्तीस-चाळीस टक्के असतो. आठ गट मारलेस की त्यांतला एक देखणा निघणारच. तू त्याच्यावर हिरवं पेन चालवलंस.

मुक्ता : आणि वेगाची सपाटी?

मामा : पावडर वाढली की दाब वाढतो, दाब वाढला की वेग वाढतो. तुझ्याच वहीत दशांश ग्रेनला साडेतीन-चार फूट प्रति सेकंद वेग वाढतोय. मधल्याच एका पायरीवर निसर्गानं थांबायचं कारण काय? प्रत्येक गोळीचा वेग दहाएक फुटांनी इकडेतिकडे होतोय, आणि तू तीन-तीन गोळ्यांच्या सरासऱ्या जोडून रेघ काढलीस. त्या रेघेत कुठेतरी सपाटी आणि कुठेतरी उडी दिसणारच.

मामाची ही शिकवण खडकीची असली तरी तिचं मूळ अमेरिकेतच आहे, आणि हे त्याला मुक्ताच्या घरी बसून सांगायला फार आवडायचं. बेल कंपनीत नियंत्रण-आलेख काढणारा वॉल्टर श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या निमंत्रणावरून भारतात आला होता. पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेनं कारखान्यांमधून ही विद्या शिकवली. श्यूहार्टचं म्हणणं थोडक्यात असं : प्रक्रियेत जो चढउतार आपोआप असतोच, त्याला कारण आहे असं समजून यंत्राचे स्क्रू फिरवत बसलात तर माल सुधारत नाही, बिघडतो. मामाच्या मते काडतुसं भरणारा दर दुसरा अमेरिकन माणूस नेमकं हेच करतो.

मुक्ता हट्टी आहे, पण पुराव्यापुढे नाही. तिनं एक गोष्ट केली जी मला फार आवडली. पुढच्या खेपेला तिनं सगळी काडतुसं एकाच भाराची भरली, डब्यांवर मात्र शिडीसारखे वाढते आकडे लिहिले, आणि रेंजवरच्या तिच्या एका मित्राला काही न सांगता तो कागद वाचायला दिला. त्यानं पाचव्या गटावर बोट ठेवलं आणि नोड इथे आहे म्हणून सांगितलं. सर्वांत लहान गट सर्वांत मोठ्याच्या एक तृतीयांशाहूनही लहान होता. अलीकडे हॉर्नाडीसारख्या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीचे लोकही उघडपणे सांगू लागलेत की नेमबाजांचे गट फार थोड्या गोळ्यांचे असतात. स्वतःच्या टेबलावर ते पाहणं वेगळं.

मामाला वाटलं, संपलं. मला वाटतं खरा वाद इथून सुरू झाला.

मुक्ता : ठीक आहे, हा नोड गेला. आता मला सांग, भार निवडायचा कसा? किती गोळ्या मारल्या की तुझं समाधान होईल?

मामा : दोन भारांच्या विखुरणीत वीस टक्क्यांचा फरक आहे की नाही, हे भरवशानं म्हणायचं तर प्रत्येकी शंभराच्या वर. एकशेवीस धर.

मुक्ता : म्हणजे दोन भारांना दोनशे चाळीस. मामा, ही मॅग्नम आहे. एका काडतुसात सत्तर ग्रेनहून जास्त पावडर जळते, साडेचार ग्रॅमच्या वर. आणि ती सगळी आग .३०८ इंचाच्या भोकातून जाते. साध्या .३०८ विंचेस्टरला त्याच भोकाला चाळीस-पंचेचाळीस ग्रेन पुरतात आणि त्याची नळी कितीतरी जास्त टिकते. माझी नळी स्पर्धेच्या कामाची राहते हजार, फार तर दीड हजार गोळ्या. तुझं समाधान करायला मी तिच्या आयुष्याचा सहावा ते चौथा हिस्सा कागदात घालवू?

मामा : मग निदान माहीत नाही असं म्हण.

मुक्ता : माहीत नाही म्हणून स्पर्धेच्या दिवशी काडतूस रिकामं ठेवता येत नाही. कुठलातरी भार घालावाच लागतो. आणि अजून एक. चेंबरच्या पुढे नळीचे आटे जिथे सुरू होतात तो गळा रोज जळतो आणि पुढे सरकतो. पहिल्या गोळीची नळी आणि एकशेविसाव्या गोळीची नळी एक नसते. पहिल्या भाराचे एकशेवीस मारून दुसऱ्याचे मारायला घेईन तेव्हा मी दोन भारांची तुलना करत असेन की दोन नळ्यांची? तुझं शास्त्र प्रक्रिया स्थिर आहे असं धरून चालतं. माझी प्रक्रिया स्थिर नाहीच.

मामानं चष्मा काढून पुसला. असा चष्मा तो कोंडीत सापडला की पुसतो.

मामा : आलटूनपालटून मारायचे. एक ह्या भाराचा, एक त्या भाराचा. जळणं दोघांत सारखं वाटलं जातं.

मुक्ता : ते करीन. पण गोळ्या तेवढ्याच लागणार.

मामा : लागणार. हे खरंय. कारखान्यात मला नळीची फिकीर नव्हती. प्रूफ रेंजला नळ्या सरकारी होत्या.

मॅग्नमच्या भरणीचं सगळं दुखणं या दोन वाक्यांत आहे. जे काडतूस लांब पल्ल्याला सर्वांत उपयोगी, तेच स्वतःची परीक्षा सर्वांत कमी वेळा देऊ शकतं. त्यात धक्का. दहा किलोची स्पर्धेची रायफल तो बराच गिळते, पण शिकारीच्या हलक्या .३०० मॅग्नमवर वीस-पंचवीस गोळ्यांनंतर कागदावर भरणी मोजली जाते की खांद्याची धास्ती, हे सांगणं कठीण असतं.

मामा : ते सगळं सोड. तुमचं लष्कर काय करतं? .३०० मॅग्नमच्या रायफली आहेत ना त्यांच्याकडे?

मुक्ता : एक्सएम २०१०. काडतूस एमके २४८ मॉड १. सिएराची २२० ग्रेनची मॅचकिंग गोळी, वेग २,८५० फूट प्रति सेकंदाच्या आसपास.

मामा : प्रत्येक रायफलीला वेगळा भार?

मुक्ता : नाही. सगळ्यांना एकच.

मामा : झालं तर मग! चांगली गोळी, चांगली पावडर, काटेकोर भरणी, आणि हजारो नळ्यांत एकच काडतूस. ताल-बिल काही नाही.

मुक्ता : त्यांना एक मिनिटाच्या कोनात गोळ्या पडल्या तरी चालतात. हजार यार्डांवर एक मिनिट म्हणजे साडेदहा इंच. माझं आतलं वर्तुळ ५ इंचांचं आहे. एक मिनिटाच्या रायफलीनं मी दहाच्या वर्तुळात राहीन आणि स्पर्धेत मधल्या फळीत.

या एका फेरीत मुक्ता जिंकली असं मी धरतो. लष्करी मालाची बरोबरी करणं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत राहणं या दोन वेगळ्या गरजा आहेत. पण ती अर्धं मिनिट मिळवते ते शिडीमुळे की दुसऱ्या कशामुळे, हा प्रश्न उरतोच. याचं उत्तर टार्गेटवर मिळालं नाही, भरणीच्या टेबलावर मिळालं.

मुक्ता : मामा, ही पुंगळी बघ. हात लावू नकोस, नुसती बघ. बुडाशी पट्टा आहे ना?

मामा : बेल्टेड. हॉलंड अँड हॉलंडची औलाद.

मुक्ता : बरोबर. त्यांच्या १९१२ च्या .३७५ मॅग्नमकडून आलेला. त्या पुंगळीचा खांदा इतका उतरता होता की चेंबरमध्ये पुंगळी किती खोल बसणार हे खांद्यावरून ठरवणं अवघड होतं, म्हणून पट्ट्यावर अडवली. .३०० विंचेस्टरला नीट खांदा आहे, पट्ट्याची गरज नव्हती, पण परंपरेनं राहिला. आता कारखान्याची काडतुसं पट्ट्यावर अडतात आणि खांद्यापुढे मोकळी जागा राहते. पहिल्या बाराला पितळ पुढे ताणलं जातं, पट्ट्याच्या वरच्या भागात. नंतर पुंगळी परत आकारात आणणारी डाय लावताना पुस्तकात सांगितल्याप्रमाणे खालपर्यंत दाबली की खांदा परत मागे जातो. पुढच्या बाराला परत ताण. चार-पाच वेळा असं झालं की पट्ट्याच्या वर एक चकचकीत कडं दिसायला लागतं. तिथेच पुंगळी तुटते.

मामा : दाब किती असतो आत?

मुक्ता : अमेरिकी मानकाची मर्यादा ६४,००० पौंड प्रति चौरस इंच. म्हणून मी पट्टा विसरून जाते. माझ्या चेंबरमधून निघालेल्या पुंगळीचा खांदा मोजायचा आणि डाय अशी लावायची की तो फक्त दोन थाऊ मागे जाईल.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपात हा शब्द जसा चालतो तसाच मुक्ताच्या तळघरात चालतो. दोन थाऊ ऐकल्यावर मामाचा सूर बदलला. त्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ते सापळ्याचे प्रश्न नव्हते. पुंगळीची मान दर वेळी मऊ करतेस का? तापमान कसं ओळखतेस? मानेची पकड किती? गोळी बसवताना प्रेसच्या दांडीला जोर सारखा लागतो का? मुक्तानं सांगितलं की या पुंगळीची मान फक्त ०.२६४ इंच लांब आहे, गोळीच्या व्यासापेक्षाही कमी, म्हणून लांब गोळीला धरायला जागा थोडी आणि पकडीतला फरक लगेच वेगात दिसतो. पितळ वारंवार दाबलं गेलं की कडक होतं, मऊ केलं नाही तर प्रत्येक पुंगळी गोळीला वेगळ्या जोरानं सोडते. पावडर ती एच१००० वापरते. ऑस्ट्रेलियात बनते, आणि ऊन-थंडीनं तिचा वेग फारसा हलत नाही. रॅटनच्या पठारावर सकाळी स्वेटर आणि दुपारी टोपी लागते, तिथे या गुणाची किंमत कळते. मोठी, सावकाश जळणारी रास एकसारखी पेटावी म्हणून प्राइमरही मॅग्नमचा. आणि भार नेहमी छापील पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून वर न्यायचा. बोल्ट उचलायला जड जाऊ लागला किंवा पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा उमटला, की आकडा कितीही मोहक असो, मागे फिरायचं.

मामा : हे मला पटतं. इथे तू टार्गेट बघून अंदाज करत नाहीस. खांदा मोजतेस, मान मोजतेस, पावडर तोलतेस. कारण आधी आणि मोजमाप नंतर. शिडीत मोजमाप आधी होतं आणि कारण तू नंतर शोधलंस.

मुक्ता : पण नळीचा कंप थोतांड नाही. मॅलॉक नावाच्या माणसानं १९०१ मध्येच रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला होता. तुमच्या ली-एनफील्डचंच घे. ती लांब पल्ल्याला अपेक्षेपेक्षा चांगली मारायची, कारण हळू गोळी बाहेर पडते तेव्हा नळीचं तोंड थोडं वर असायचं.

मामा : ईशापूरची ली-एनफील्ड मला शिकवू नकोस. तिची नळी बारीक, लाकडात अडकलेली, बोल्टचे खुंट मागे. ती वाकायचीच. तुझी नळी मनगटाएवढी जाड आहे. तरी मी नाही म्हणत नाही. मोज. गार्मिनचं रडार तुला प्रत्येक गोळीचा वेग देतं. तुमचं इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक गोळीची उंची देतं. दोन्ही समोरासमोर मांड. हळू गोळ्या जेवढ्या खाली पडायला हव्यात त्याहून कमी खाली पडत असतील, तर तुझा कंप काम करतोय. त्यासाठी वेगळी गोळीही मारायला नको. सरावाच्या सगळ्या गोळ्या मोजल्या जातील.

याला मी मामाचं सर्वांत मोठं दान समजतो. हजार यार्डांवर १० फूट प्रति सेकंदाच्या फरकानं गोळी साधारण २ इंच खालीवर होते, हे गणितानं निघतं. मुक्तानं मांडलं तेव्हा हळू गोळ्या गणितानं सांगितलं जवळपास तेवढ्याच खाली होत्या. तिच्या जाड नळीत तालाची करामत सापडली नाही. दुसऱ्या कुणाच्या नळीत सापडेलही.

मुक्ता : मग गोळी आट्यांपासून किती मागे बसवायची, तेही सोडून देऊ? बर्जर कंपनीच सांगते : १०, ५०, ९० आणि १३० थाऊ मागे, प्रत्येकी सहा गोळ्या. चार मोठ्या उड्या आहेत, शिडीसारख्या बारीक पायऱ्या नाहीत.

मामा : मोठ्या उड्या चांगल्या. फरक मोठा असेल तर थोड्या गोळ्यांतही दिसतो. पण त्यानंतर तू तीन-तीन थाऊंनी बारीक चाचणी केलीस, ती कशाला? गळा जळून पुढे सरकतो असं तूच म्हणालीस. शंभर गोळ्यांत तीन थाऊ सरकत असेल की नाही?

मुक्ता : जास्तच.

मामा : म्हणजे तीन थाऊंनी खरंच एवढं बिघडत असतं, तर तुझी प्रत्येक भरणी शंभर गोळ्यांत मेली असती. मेली का?

मुक्ता : नाही मेली.

यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं मामाला विचारलं, त्याच्या मते तिनं नव्या नळीबरोबर नेमकं काय करावं.

मामा : दहा गोळ्यांचा गट, आणि तोही एक नाही. तीन गोळ्यांच्या गटापेक्षा दहाचा गट सरासरीनं दीडपटीहून मोठा येतो, म्हणून लोक तो मारत नाहीत, लाज वाटते. दुसरं, दोन टोकांच्या गोळ्यांमधलं अंतर मोजणं बंद कर. दहा गोळ्या मारतेस आणि दोनच मोजतेस, आठ वाया. मध्यबिंदू काढ, प्रत्येक गोळीचं त्यापासूनचं अंतर घे, त्याची सरासरी. तिसरं, वेगाचं प्रमाण विचलन पाच गोळ्यांवर ५ आलं म्हणून नाचू नकोस. खरं ३ ही असू शकेल, १४ ही. वेगवेगळ्या दिवसांचे आकडे एकत्र कर. आणि टार्गेट फेकू नकोस. जुन्यावर नवं ठेव.

मुक्ता : आणि भार?

मामा : पुस्तकाच्या मर्यादेत, दाबाची खूण नाही, वेग हवा तेवढा, पुंगळी टिकते. असे दोन भार घे, त्यांत फार मोठा फरक दिसला तर चांगला ठेव. नाही दिसला तर पुंगळी जास्त टिकेल तो ठेव.

मुक्ता : हे फार नीरस आहे, मामा.

मामा : गुणवत्ता नियंत्रण नीरसच असतं.

आता माझं मत, कारण दोघंही ते विचारतील. टार्गेटपुढे मामा बरोबर आहे : तीन गोळ्यांच्या गटांत भार शोधणं हे पत्रिका पाहण्यापेक्षा फार वेगळं नाही, कितीही महागडं रडार लावलं तरी. टेबलावर मुक्ता बरोबर आहे : खांद्याचे दोन थाऊ, मानेची पकड, पावडरचं वजन यांच्यावर घालवलेला वेळ वाया जात नाही, आणि लष्करी एक मिनिट व स्पर्धेचं अर्धं मिनिट यांतला फरक बहुधा इथेच मिळतो, अर्थात चांगली नळी आणि चांगली गोळी असेल तर. मामाला हे मान्य करायला जितकं जड गेलं, तितकंच मुक्ताला शिडी सोडायला. शिडीत एक सुख आहे. शोधल्यासारखं वाटतं. खांदा मोजण्यात तसं काही वाटत नाही.

आणि या सगळ्याच्या वर वारा बसलेला आहे. मुक्ता वापरते तशा २१५ ग्रेनच्या लांब गोळीलाही समुद्रसपाटीवर ताशी १० मैलांचा आडवा वारा हजार यार्डांवर सुमारे ५० इंच ढकलतो. रॅटन दोन हजार मीटर उंच, हवा विरळ, म्हणून थोडं कमी. वाऱ्याच्या अंदाजात ताशी एका मैलाची चूक म्हणजे चार-पाच इंच. आतलं पूर्ण वर्तुळ ओलांडायला तेवढं पुरतं. शिडीत जो फरक शोधायला ती नळी जाळत होती, तो इंचाच्या काही भागांचा होता.

आपल्याकडे हा वाद परका वाटेल, पण तो तसा नाही. पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्याआधी २०१० मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती झाली, ते दोन्ही प्रकार .२२ चे. त्या काडतुसाचा प्राइमर बुडाच्या कडेतच असतो, ते परत भरता येत नाही. म्हणून जगभरचे .२२ चे नेमबाज भरणी करत नाहीत, लॉट निवडतात : बर्मिंगहॅमला इलीच्या किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या रेंजवर आपली नळी शिकंज्यात लावून वेगवेगळ्या लॉटची परीक्षा घेतात. पुण्या-मुंबई-कोल्हापूरच्या क्लबांमध्ये हेच छोट्या प्रमाणात चालतं, आणि तिथेही पाच गोळ्यांचा एक सुंदर गट पडला की अख्खी पेटी विकत घेतली जाते. त्या नेमबाजांना एवढंच सांगणं : पेटी घेण्याआधी प्रत्येक लॉटच्या निदान वीस-तीस गोळ्या आलटूनपालटून मारा, दोन टोकं न मोजता सगळ्या मोजा, आणि जुनी टार्गेट्स रद्दीत देऊ नका.